तहमीनाने पुसलेला ओढा

रंगमंचावर मी बेचाळीस वर्षं दगाबाजी पाहिली. कधी खाल्ली, कधी स्वतः केली. पण आमच्याकडे पडदा पडला की दगा देणारा आणि दगा खाणारा मागे कनातीत बसून एकाच पातेल्यातलं कालवण ओरपायचे. तहमीना शेखच्या बाबतीत असा पडदा काही पडला नाही, म्हणून लिहायला बसलो.

तहमीना मूळची दौंडची. लग्न होऊन शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीवर आली, त्याला अठरा वर्षं होतील. नवरा सिद्दीक कुरकुंभला कंपनीत आहे. शिफ्टच्या धबडग्यात रोजचं येणं-जाणं जमत नाही, म्हणून तिकडेच खोली करून राहतो आणि पंधरा दिवसांनी घरी येतो. इथे ती, तिचं शिलाई मशीन आणि शेळ्या. बाई बोलायला कमी, पण वस्तीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे, त्यामुळे सगळ्यांची गुपितं तिला ठाऊक आणि सगळ्यांचा तिच्यावर भरवसा.

आमच्याकडे मिरची, टोमॅटो, झेंडू, सगळं आता मल्चिंगवर होतं. वाफ्यावर प्लास्टिकचा काळा कागद अंथरायचा आणि त्याला भोकं पाडून रोपं लावायची. पीक निघालं की तो फाटका कागद ओढून काढायचा आणि द्यायचा ओढ्यात फेकून. वाऱ्याने त्याच्या चिंध्या बाभळींवर चढतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झाडांवर कावळे बसलेत.

गेल्या माघात तहमीनाची एक शेळी पोट फुगून मेली, आठ दिवसांनी दुसरी. दुसरीचं पोट फाडून पाहिलं, तर आत काळ्या कागदाचा हा एवढा गोळा. तो गोळा तिने बादलीत घातला आणि मला दाखवायला आणला.

“आप्पा, तुम्ही हजारो लोकांपुढं बोललाय. मला बोलायला शिकवा. मंडळाच्या बैठकीत सांगते मी.”

मी म्हटलं, “बोलू नकोस. बादली दाखव.”

तिने बैठकीत बादली दाखवली. आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष आनंदराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, “ताई, तुम्ही एक झ्याक पोस्टर करा. चार वस्त्यांत लावू. बायका गोळा करायचं काम तुमचं, जेसीबी माझा. वीस मेला सगळा ओढा साफ.”

झालं. बाईला जगण्याला एक तारीख मिळाली.

शिरूरला बाळासोचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्या बायकोचे कपडे तहमीना शिवायची, तेवढीच ओळख. तो म्हणाला, “दुपारचं गिऱ्हाईक नसतं, तवा येत जा. फी कसली मागतीस? मला बहीण न्हाई, दादा म्हण, झालं.” बाळासो मनाचा खरंच मोठा. माझी बायको गेल्यावर तिच्या वर्षश्राद्धाचा बॅनर त्याने छापून घरपोच आणून लावला होता आणि पैशांचं नाव काढू दिलं नव्हतं. हे मी विसरणार नाही. पुढचं सांगतानाही विसरणार नाही.

दोन महिने तहमीना दुपारच्या एसटीने शिरूरला गेली. पहिले आठ दिवस माऊस तिच्या हातात ठरेना. टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन खाली पडायचा. बाळासो हसायचा, “अगं, मशीनसारखं पायानं नको हाणू!” मग हळूहळू फोटो कापणं आलं, उजेड कमी-जास्त करणं आलं, एका चित्रावर दुसरं चित्र ठेवणं आलं.

फोटोत काय कुठे ठेवावं, हे मात्र ती माझ्याकडे विचारायला यायची. मला फोटोतलं काय कळतं? मला रंगमंच कळतो. मी अंगणात खडूने चौकट आखली. म्हटलं, “मधोमध उभं राहिलेलं पात्र तोंड उघडायच्या आधीच संपतं. त्याला कडेला उभं कर आणि रिकाम्या जागेकडं बघू दे. मग प्रेक्षक त्या रिकाम्या जागेत स्वतःच जाऊन उभा राहतो.” तिने उरलेल्या शेळ्यांतली एक त्या चौकटीत आणून बांधली आणि इकडून-तिकडून बघत बसली. माझी नातवंडं हसून लोळली.

पण फोटो काय काढला पोरीने! उजव्या कडेला बाभूळ, तिच्या खोडावर पुढचे दोन पाय टेकून उभी शेळी, तोंडात काळी चिंधी. डावीकडे कागदाने भरलेला ओढा आणि वर मोकळं आभाळ. त्या आभाळात चारच शब्द: आपण टाकतो, ती खाते. मी टाळी वाजवली. बऱ्याच वर्षांनी मनापासून वाजवली.

त्याच फोटोवर बाळासोने तिला आणखी एक धडा दिला होता. “पुसायला शीक. यातला एकेक कागद काढून टाक.” शेजारचं गवत उचलायचं आणि कागदावर ठेवायचं, असं ते काम. चार दुपारी ती पुसत बसली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर मला दाखवलं. ओढा नितळ, काठाला हिरवळ, शेळीच्या तोंडात कोवळा पाला.

“आप्पा, मी लग्न होऊन आले तवा असाच व्हता ओढा,” ती म्हणाली.

आता फ्लेक्सच्या दुकानाची एक रीत सांगतो. तिथे कुठलाही फोटो कुणा एकाचा नसतो. एकाच्या लग्नातला हार दुसऱ्याच्या वाढदिवसाला गळ्यात पडतो. एकाच्या मागचं आभाळ दुसऱ्याच्या डोक्यावर येतं. कॉम्प्युटरात शिरलं ते सार्वजनिक. तहमीनाला ही रीत माहीत होती, बाळासोच्या हाताखाली तिने स्वतः दोघांना हार घातले होते. आपला धडाही त्याच ढिगात पडलाय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. धडा कोण चोरेल?

वीस मेच्या सकाळी सात वाजता बावीस बायका गोण्या आणि विळे घेऊन ओढ्यावरच्या पुलावर आल्या. तहमीना सगळ्यांत पुढे. आनंदरावांचा फोन बंद. जेसीबीचा पत्ता नाही. आणि पुलाच्या कठड्याला वीस फुटी नवा फ्लेक्स. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. मध्ये हात जोडलेले आनंदराव. वर मोठ्या अक्षरांत: स्वच्छ ओढा अभियान यशस्वी! तिचे चार शब्द कुठेच नव्हते.

खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत शेवटी तहमीना. विशेष सहकार्य: सौ. तहमीना सिद्दीक शेख.

फ्लेक्सच्या मागे, पुलाखाली, ओढा होता तसाच काळा.

बायकांतल्या सखूबाईने कमरेवर हात ठेवून दोन्ही फोटो निरखले. म्हणाली, “आधी पन शेळी दोन पायावर, नंतर पन शेळी दोन पायावर. एवढा ओढा साफ होईस्तवर ती बिचारी तशीच हुबी व्हती व्हय गं?”

बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. एकीने विचारलं, “तहमीना, तुला ठाव व्हतं?”

“न्हाई.”

“मग तुझा फोटू कसा?”

गोण्या खांद्यावर टाकून बायका निघाल्या. जाता जाता सखूबाई म्हणाली, “आमाला मोबाईलवरच साफ करायला सांगायचं की. सकाळची भाकर तरी झाली असती.”

तहमीना तशीच शिरूरला गेली. सोबत मीही गेलो.

बाळासोने चहा मागवला. चेहऱ्यावर लाज नाही, उलट कौतुक. “बघितला? आनंदराव म्हणले, तालुक्याच्या स्वच्छता स्पर्धेला फोटो आजच पाठवायचाय, काम सावकाश करू. मी म्हटलं, हाय की तयार!”

“दादा, तो मी शिकताना केला व्हता.”

“मग काय वाया घालवायचा? अन् तुझा फोटो टाकला की रांगेत. लोक त्यासाठी माझ्या पाया पडत्यात.”

“जेसीबी कवा येनार?”

बाळासो म्हणाला, “आता कशाला यील? ओढा साफ झाला ना.”

“माझा चेहरा काढा तिथून.”

“छापलेलं कसं काढू? रांगेत भोक पडंल.”

चहा आला. तिने घेतला नाही. मी घेतला. त्या माणसाने माझ्या बायकोसाठी केलेलं मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या गर्दीच्या वेळी तहमीना शिलाईची मोठी कात्री घेऊन पुलावर उभी राहिली. कुणाच्या फोटोला हात लावला नाही. फक्त आपला चेहरा, नावासकट, ब्लाऊजचा गळा कापावा तसा गोल कापला. मंडळाची पोरं धावत आली. “फ्लेक्स फाडती! फ्लेक्स फाडती!” तिने चेहऱ्याची घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “माझं हाय, ते नेते.” कुणीतरी फोन लावला. बाळासो मोटारसायकलवर आला.

“तहमीना, मला विचारायचं तरी!”

“तुम्ही विचारलं व्हतं, बाळासोशेठ?”

दादा नाही, शेठ म्हणाली. भर पुलावर बाळासोचा चेहरा उतरताना मी पाहिला. इतक्या वर्षांत एवढा छोटा संवाद असा लागलेला मी कुठल्या नाटकात पाहिला नाही.

सखूबाई बाजाराची पिशवी घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं पाहिलं. पण ती तहमीनाच्या जवळ आली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या भोकावर आनंदरावांच्या भाच्याचा हसरा चेहरा चिकटलेला होता. स्पर्धेत मंडळाला दुसरा क्रमांक मिळाला. ओढ्याबद्दल कुणी अर्ज केला तर उत्तर तयार असतं: काम झालंय, फोटो जोडलाय.

मी तहमीनाला म्हटलं, नवं पोस्टर कर, मी माझ्या दारावर लावतो. ती म्हणाली, “आप्पा, आता माझ्या फोटोवर कोण इश्वास ठेवंल?”

ती हल्ली शेळ्या ओढ्याकडे सोडत नाही. दावणीलाच बांधते आणि चारा डोक्यावरून आणते, लांबच्या वाटेने, पूल टाळून. बायका ब्लाऊज शिवायला अजून तिच्याकडेच येतात. माप देतात, कापड देतात, आणि बसत नाहीत.