वीराचा पाय

आमच्या देवघरात लिंबाएवढा एक शेंदराचा गोळा होता. त्याला आम्ही वीर म्हणायचो. नाशकात धुळवडीला घरोघरचे वीर हातात घेऊन, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, न्हाऊ घालायला नेतात. आमचाही जायचा. लहानपणापासून एकच ऐकत आलो. हा वीर म्हणजे आपला खापरपणजोबा, इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होता, मांडीत गोळी लागली, डॉक्टर पाय कापू म्हणाला, पण गड्यानं पाय दिला नाही, जीव दिला. मी सातवी शिकलेला, सगळी नोकरी एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कोळशावर. दुसरा अभिमान कशाचा असणार? हेच सांगत फिरलो.

मागच्या पावसाळ्यात हेच नडलं.

बायकोला शुगर होती. पायाच्या बोटाला जखम झाली, ती काळी पडत वर चालली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, सही करा. ती खाटेवरून म्हणाली, "जाऊ द्या ओ पाय. बसून भाकरी थापीन." मी म्हणालो, "आपल्या घरात पाय देत नाहीत." तीन दिवस सही केली नाही. चौथ्या दिवशी केली. सहाव्या दिवशी ती गेली.

मुलगी नर्स आहे. ती म्हणते, "बाबा, पहिल्या दिवशी काढला असता तरी आई वाचली असती, असं सांगता येत नव्हतं." नर्सा असं सफाईनं बोलतात. मला त्यानं समाधान नव्हतं. त्या वीरानं खरंच पाय नाकारला होता का, एवढंच मला पाहिजे होतं. नाकारला असेल तर मी निदान घराच्या रीतीनं वागलो.

धुळवडीला चार दिवस राहिले. वर्ष दुखवट्याचं, पण वीर घरी बसत नाही. दरवर्षी त्याला तेल-शेंदूर बायको लावायची. या वर्षी मी बसलो. आधी मळ काढू म्हणून वीर गरम पाण्यात टाकला आणि पातेलं घासावं तसा घासला. तिनं असं कधी केलं नव्हतं, हे नंतर सुचलं. शेंदराची खोळ सुटली. अक्रोडाच्या टरफलासारखे तुकडे हातात आले, आणि मधून निघाली बोराएवढी शिशाची गोळी, एका अंगाला चेपलेली.

मी घाबरलो. मग डोक्यात आलं, शिपाई तिकडंच मेला असेल तर ही गोळी घरी आणली कुणी?

निफाडकडे माझी आत्या आहे, नव्वदी ओलांडलेली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो.

"आत्या, वीर फुटला."

"फुटला नाय, खोळ सोडली. देव सोडत्यात. एवढा घोडा झाला, रडतो काय?"

गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती चाचपली, हसली. "आली का भाईर! माझी आजी सांगायची, आत गोळी हाय म्हणून."

"घरी कुणी आणली?"

"त्यानंच. नाय तर काय कलेक्टर आणून देतो?"

आत्याची आजी म्हणजे त्या शिपायाची सून. त्याला तिनं स्वतःच्या हातानं वाढलेलं. तिच्याकडून आत्यानं ऐकलं ते असं. डोलीत घालून भोयांनी त्याला तंबूतल्या दवाखान्यात आणलं. डोली हिंदकळली की हा भोयांना शिव्या द्यायचा. गोऱ्या डॉक्टरनं जखमेत बोट घालून पाहिलं, हाडाचा चुरा झालेला. पाय काढतो म्हणाला. हा म्हणाला, मरतो पण देत नाही, अर्धा माणूस गावात कसा जाऊ? पण पलटणीबरोबर बायकाही असत, तळावर राहून रांधायच्या. त्याचीही होती.

"ती काय म्हणली ठावं हाय?" आत्या म्हणाली. "पाय काय माझ्याशी बोलणार हाय? कापा, म्हणली."

मग रुमालावर गोड वासाचं औषध टाकून त्याला हुंगवलं, दोघांनी धरलं आणि करवतीनं पाय कापला. त्या पायातली गोळी डॉक्टरनं तिच्या हातावर ठेवली. पुढं कितीतरी दिवस ती पट्ट्या धुवायची, वाळवायची, पुन्हा बांधायला द्यायची. घरी आला तो बाभळीच्या लाकडाचा पाय लावून. पोरं त्याला टकटकबाबा म्हणत. गोळी तिनं देवघरात ठेवली, शेंदूर लावला.

"मग आम्हाला उलटं का सांगितलं?"

"लंगडा वीर मिरवायची तुम्हा पुरुषांना लाज. मेलेला बरा." सहीचं तिला माहीत होतं. "लेकरा, मी आधीच बोलाया पायजे होतं रे." गोळी माझ्या मुठीत दाबली आणि मूठ धरून बसली.

घरी येऊन खोळीचे तुकडे पाहिले. एका तुकड्याला घासणी लागली नव्हती, त्याच्या वरच्या थरात बोट टेकल्याची खळी होती, रेघांसकट. मागच्या धुळवडीला बायकोनं लावलेला शेंदूर तो.

धुळवडीला गंगेवर गेलो. चुलतभावानं दरवर्षीची आरोळी ठोकली, "पाय नाय दिला, जीव दिला!"

मी त्याचा दंड धरला. "दिला पाय. बायकोनं द्यायला लावला. म्हणून तू आणि मी हाय."

"दादा, आज कशाला हे?"

"आजच."

सगळं सांगितलं. माझ्या सहीचंही सांगितलं. हलगीवाल्यानं हात थांबवला. चुलतभावानं माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि मी पाण्यात उतरलो. गोळीला अंघोळ घातली.

सुटलेली खोळ गंगेत सोडायची असते. सोडली. एक तुकडा मात्र ठेवला, बोटाच्या खळीचा.

तो आता वीराशेजारी असतो. माफी कशी मागतात ते मला आयुष्यात कधी जमलं नाही. सकाळी त्या तुकड्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, "चहा ठेवलाय."