पाणबुडीवरच्या मुलाची सुट्टी

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले, आणि ते आठवले की मी आजही बसल्या जागेवरून उठून अंगणात फेऱ्या मारू लागतो.

मालवण तालुक्यात माझी नेमणूक होती. गणेश चतुर्थी पंधरा दिवसांवर आली होती. मंडळांच्या बैठका, बंदोबस्ताचे वाटप, खारेपाटणच्या नाक्यावर पाठवायच्या माणसांची यादी, यात मी बुडालो होतो. त्यातच जिल्ह्याहून फोन आला: केंद्रीय यंत्रणेचा एक अधिकारी येतो आहे, त्याला सर्व मदत करा, स्टेशन डायरीत तूर्त मोघम नोंद घ्या.

अधिकारी आला तो विदर्भाकडचा, तरुण, शांत बोलणारा. त्याने एक मोबाईल नंबर पुढे ठेवला. कट्टा बाजाराजवळच्या एका गावातून हा नंबर परदेशातल्या एका संशयित नंबराशी रोज बोलत होता. सिमकार्ड ज्याच्या नावावर, तो नौदलातून निवृत्त झालेला माणूस. सरकारने परदेशातून डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या घेतल्या तेव्हा प्रशिक्षणासाठी जे तरुण बाहेर पाठवले, त्यांतला हा एक. तिथली भाषाही शिकून आलेला. भर म्हणजे याचा भाचा आज नव्या, परदेशी बनावटीच्या पाणबुडीवर होता.

मला वाटले, प्रकरण संपले. सगळे धागे एकाच माणसाकडे जात होते. इतके सरळ प्रकरण हाती आले की पोलिसाने जरा थांबावे, हे मला माहीत असायला हवे होते. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कट्ट्याच्या पोलीस दूरक्षेत्रात, म्हणजे चौकीत, बोलावले. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेआधी दहा मिनिटे हजर. गाव त्याला मामाच म्हणत असे, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

"साहेबांनू, ह्या नंबराचा माका कायच म्हायत नाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आधी मी समजुतीने विचारले, मग आवाज चढवला. पाणबुडीबद्दल विचारले तर जेवढे कुठल्याही पुस्तकात मिळेल तेवढेच सांगे. "इंजिन लावला की ती ऐकाक येता. बॅटरीर खाली गेली की कोणाक पत्तो लागणा नाय. तोच तिचो जीव." तीन तास गेले. मला खुर्चीत बसवेना, मी उभ्यानेच प्रश्न विचारत होतो.

शेवटी सिमकार्डाचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला. फोटो त्याचा, सही त्याची. त्याने चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला. चष्मा काढला. पाणी मागितले, पण प्यायला नाही.

"होय," तो म्हणाला. "नंबर माझोच. मीच सांगलंय सगळा."

"काय सांगितलंत?"

"बॅटरीची माहिती. पाण्याखाली किती वेळ चलता ती."

अधिकाऱ्याने सुटकेचा श्वास घेतला आणि जबाबाचे कागद ओढले. मला मात्र ते पटत नव्हते. तीन तास दगडासारखा बसलेला माणूस एका अर्जाने कसा विरघळतो? मी अधिकाऱ्याला बाहेर नेले आणि विचारले, तुमच्याकडे प्रत्यक्ष काय आहे?

त्या परदेशी नंबरावरून पुढे पाठवलेले आणि दुसऱ्या राज्यात पकडलेल्या एका फोनमध्ये सापडलेले काही संदेश त्याच्याकडे होते. पलीकडून विचारले होते, 'मुलगा कधी मोकळा होईल? साखरपुडा गणपतीत धरूया?' इकडून उत्तर होते, 'गणपतीक येवचो नाय. सुट्टी रद्द झाली. दसऱ्यापर्यंत फोन पण लागाचो नाय म्हणता.' साखरपुडा हा सांकेतिक शब्द असावा, असा यंत्रणेचा अंदाज होता. बॅटरीचे कुठे नावही नव्हते.

आमच्या महिला हवालदार तोंडवलीच्या. त्यांनी तो कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिले. "साहेब, यात खूण कसली शोधताय? ही सोयरीक आहे. हे कुठल्या तरी आईनं लिहिलंय."

मी आत गेलो आणि मामाला एवढेच विचारले, "साखरपुडा कोणाचा?"

त्याचा चेहरा उतरला. हात जोडून तो उभा राहिला. "तिका हात लावू नकात साहेबांनू. तिका कायच कळणा नाय. माका आत घाला, पण तिका नको."

ती म्हणजे त्याची बहीण, भाच्याची आई. विधवा बाई, घरी काजू फोडण्याचे काम करी. काजूच्या तेलाने बोटांची कातडी जाऊन ठसेच उरले नव्हते. सिम घेताना दुकानातल्या यंत्राने तिचे बोट ओळखले नाही, तेव्हा भावाने आपल्या नावावर सिम काढून तिला दिले आणि विसरून गेला. अर्ज पाहताच त्याला ते आठवले. तिने काय केले हे त्याला ठाऊक नव्हते. काहीतरी केले एवढे कळले, आणि तो गुन्हा अंगावर घेऊन मोकळा झाला.

आम्ही साध्या कपड्यांत, महिला हवालदारांना घेऊन तिच्या घरी गेलो. ती पडवीत काजू फोडत बसली होती. गाडी पाहून उठली, आणि आम्ही काही बोलायच्या आत ओरडली, "माझ्या झिलाक काय झाला? बोट वर येवक नाय काय?"

हवालदारांनी तिला धरले. "काकी, झील बरो आसा. आमका फक्त तुमचो फोन बघूचो आसा."

तिने फोन लगेच दिला. लपवण्यासारखे तिच्या मनात काही नव्हतेच. उलट उत्साहाने एका मुलीचा फोटो उघडून दाखवला. "ह्या बघा चेडू. शिकलेला आसा. तेची आवस रोज बोलता माझ्यावांगडा. परदेशात र्‍हवतत, पण माणसां साधी."

लग्नाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने मुलाची माहिती टाकली होती, गणवेशातल्या फोटोसकट, आणि त्यावरूनच मुलीची आई म्हणवणारी ती बाई तिच्याशी बोलू लागली होती. "पाणबुडीवरचो म्हटल्यार चेडवां नको म्हणतत," ती म्हणाली. "म्हयनो म्हयनो फोन नाय, पत्तो नाय. ही पयलीच आवस, जी आपणहून विचारूक इली."

तिच्या संदेशांत नकाशा नव्हता, यंत्राचे नाव नव्हते. मुलगा कधी निघाला, सुट्टी कोणत्या दिवशी रद्द झाली, फोन कधीपासून बंद आणि कधीपर्यंत, एवढेच होते. त्यावरून ती पाणबुडी बंदरातून कधी बाहेर पडली आणि कधी परतणार, हे कोणालाही मांडता आले असते. अधिकाऱ्याने तिला हे सौम्य शब्दांत सांगितले.

"मगे ती चेडवाची आवस... ती नायच काय?"

"नाही, काकी."

"आणि तो? तो अजून बोटीरच आसा मां?"

फोन पंचनामा करून जप्त केला, तिचा जबाब घरीच नोंदवला. चतुर्थीला मी बंदोबस्तावर होतो. आरतीच्या गर्दीतही मन तिच्या पडवीकडे जाई. ती बोट सुखरूप परतली हे मला दसऱ्यानंतर कळले, तोवर माझी झोप उडालेली होती. तिची काय असेल?

तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. ती साक्षीदार राहिली. पलीकडे बोलणारी व्यक्ती कोण, हे माझ्या सेवेत तरी उघड झाले नाही. मुलाला पाणबुडीवरून काढून किनाऱ्यावरच्या कामावर नेमले. मामाकडे मी स्वतः गेलो आणि आवाज चढवल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचा काम होता ता." त्यापुढे त्याने मला बसायलाही सांगितले नाही.

मुलगा जबाबासाठी आला तेव्हा मी त्याला म्हटले, आईला दोष देऊ नका.

"मी देत नाही, साहेब. तारखा मीच सांगितल्या होत्या तिला. बोलतो मी तिच्याशी. पण हल्ली फोन लावायच्या आधी काय बोलायचं ते मनात ठरवून घेतो. तीही तसंच करते, मला कळतं."

फितूर माणूस आणि बेसावध माणूस वरून सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ मी मामाला तीन तास उशिरा दिला. तपास योग्य झाला म्हणून माझ्या नावे शेरा आला. त्या मायलेकरांत जे मोकळे बोलणे थांबले, त्याची नोंद करायला आमच्या कोणत्याही कागदात रकाना नव्हता.