समईवरचा पिवळा थर

उंद्रीच्या गीताबाईंच्या घरी घाणीचं तेल आलं की पहिली धार देवघरातल्या समईत. घर जे खाईल तेच देवाला, हा सासूबाईंपासूनचा नेम.

नवऱ्याच्या, उकंडरावांच्या छातीत स्टेंटची जाळी बसवली तेव्हा चिखलीचे डॉक्टर म्हणाले, पाम तेल बंद करा, थोडं जवस खात जा. गीताबाईंनी त्यातलं ‘थोडं’ ऐकलंच नाही. अमडापूरच्या कलीमच्या घाणीवरून जवसाचं तेल आणलं आणि फोडणीपासून पापडीच्या तळणापर्यंत सगळं त्यातच सुरू केलं.

“घरात रंगकाम काढलं का व?” तळणाचा ऑइलपेंटसारखा वास आला की उकंडराव चेष्टा करत. पापडी मात्र संपवत.

एका सकाळी समई घासायला घेतली, तर ओघळांवर पिवळा, कडक थर. चिंच झाली, राख झाली, नखानंही निघेना. गीताबाईंचा हात थांबला. पितळेला हे असं धरतं, तर यांच्या नसांत काय होत असेल? ओसरीची पायरी चढताना उकंडराव दम खायला जरा टेकले, तेही गीताबाईंनी पाहिलं.

समई पिशवीत घालून त्यांनी अमडापूर गाठलं. कलीमनं थरावर बोट फिरवलं. “काकू, जवस हवेवर सुकतेच. माह्ये अब्बा बैलगाडीच्या लाकडाले चोपडत.”

“म्हंजे यायच्या छातीतबी सुकून राह्यलं?”

“नाही हो, पोटात नाही सुकत. यातली चरबी नाजूक, म्हणूनच गुणाची. पण आच सोसत नाही. चटणीवर कच्चं घ्याचं. तुमी तळलं तर नाही ना त्यात?”

गीताबाई समई परत पिशवीत घालू लागल्या.

“तळलं असंन,” कलीमची बायको सायरा म्हणाली. “तोंडावर दिसून राह्यलं.”

तिथून त्या तशाच चिखलीला गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “एवढ्यानं जाळी बुजत नाही. पण तळण बंद. उद्या त्यांना आणा, रक्त तपासू.”

संध्याकाळी फोडणीसाठी तिळाचं तेल आलं, त्याची पहिली धार समईत. ताटात भाकरी, चटणी, वर जवसाची कच्ची धार. पापडी का नाही, हे गीताबाईंनी खाली मान घालून सांगितलं.

उकंडरावांनी घास मोडला. “तरीच म्हणलं, आतून पालिश झाल्यासारखं काऊन वाटून राह्यलं.”

त्या हसल्या. पण तो घास उतरेपर्यंत त्यांची नजर नवऱ्याच्या छातीवरून हलली नाही.