शेवटची दहा मिनिटं

माझा जावई अवधूत रेल्वेच्या सिग्नलचं काम करतो. सिडनीच्या पश्चिमेला पेंडल हिलला त्याचं घर आहे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्षातले पाच-सहा महिने मी तिथे असते. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा, जेवताना न विचारता दुसऱ्याच्या ताटातली तळलेली मिरची उचलणारा माणूस. गेली दोन वर्षं मात्र जिंकलेल्या मॅचनंतर तो स्वतःच्या आवाजात बोलत नव्हता. तो सलिलच्या आवाजात बोलायचा.

सलिल आणि तो एकाच वर्षी इथे शिकायला आले. ब्लॅकटाउनला एका खोलीत राहिले आणि शनिवार-रविवारी स्टेडियमच्या साफसफाईला जाऊ लागले. इथल्या फूटीशी त्यांची ओळख तिथेच झाली. अंडाकृती चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांना द्यायचा, असा तो खेळ. साफसफाईवाल्यांना मॅच संपायच्या जरा आधी आत सोडत. कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि शिट्टी वाजली की कामाला लागायचं. त्यामुळे सुरुवातीच्या काळात या दोघांनी एकही मॅच पूर्ण पाहिली नाही. पाहिली ती प्रत्येक मॅचची शेवटची दहा मिनिटं. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तिकीट काढून मॅचला जाण्याचे दिवस आले, तरी दोघं भांडायचे ते त्याच दहा मिनिटांवरून.

अवधूतचं म्हणणं, पुढे असलो तरी हल्ला थांबवायचा नाही. सलिल म्हणायचा, पुढे आहोत ना, मग चेंडू सांभाळा, सरळ पळा, कोपऱ्यात किक मारा आणि घड्याळ जाऊ द्या. माणूसच तसा होता तो. पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसने गाडी चालवायचा. "हे बघ, साधं आहे," असं म्हणून बोलायला सुरुवात करायचा आणि खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटायचा.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. टीव्ही, जुना फ्रिज, हीटर आणि घडीच्या खुर्च्या असतात. मॅच जिंकली की तिथे हा वाद व्हायचाच. हरली तर होत नसे, कारण हरल्यावर दोघांचं एकमत असायचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका जिंकलेल्या रविवारी सलिल आमच्या गॅरेजमधून घरी गेला. ड्राइव्हवेत गाडी लावली, आणि तो उतरलाच नाही. देवयानीने, त्याच्या बायकोने, खिडकीतून गाडीचे दिवे पाहिले होते. तिला वाटलं फोनवर बोलत असेल. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर कधीतरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना अवधूत मला म्हणाला, "आई, तो निघाला होता. दमल्यासारखं वाटतंय म्हणाला. मी जाऊ दिलं नाही." त्याच्या हातात एक ओला टॉवेल होता, तो त्याने बराच वेळ पिळला. देवयानीला हे सांगितलंस का, असं मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

पुढेही सांगितलं नाही. ती शनिवारी फार्मसीत कामावर असायची, तेव्हा तो गुपचूप जाऊन तिच्या अंगणातलं गवत कापून यायचा. ती भेटली की थंडीबद्दल बोलायचा. आणि मॅच जिंकली की सलिलची बाजू घ्यायचा. पहिल्यांदा त्याने "हे बघ, साधं आहे" म्हणून खुर्चीवर दोन बोटं आपटली, तेव्हा कोणीही हसलं नाही. नंतर सगळ्यांना सवय झाली. मला झाली नाही. स्वयंपाकघरातून तो आवाज आला की मी एक कप जास्त काढायचे आणि मग परत ठेवायचे.

या जुलैतल्या एका रविवारी आमची टीम बारा गुणांनी पुढे होती आणि कशीबशी दोन गुणांनी जिंकली. दुपार संपत आली होती. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आमच्या गल्लीतले यतिन आणि त्याची बायको रुचा बसले होते. माझी मुलगी यामिनी लॅबमध्ये ड्यूटीवर होती.

"जिंकलो की हरलो तेच कळत नाहीये मला," यतिन म्हणाला.

"शेवटच्या दहा मिनिटांत एकदा तरी बॉल कडेच्या माणसाकडे पास केला का? एकदा तरी?" रुचा म्हणाली. "माझी आजी याहून अ‍ॅटॅकिंग खेळते."

"तुझी आजी कॅरम खेळते."

"हो, आणि पहिल्याच डावात क्वीन काढते."

अवधूत पुढे सरकून बसला. "हे बघा, साधं आहे." दोन बोटं आपटली. "बॉल कडेला टाकला आणि हातातून पडला तर? जिंकलो ना? मग घड्याळ जाऊ द्यायचं."

तेवढ्यात मला शटरखाली पाय दिसले. काळे बूट, त्यावर जुनी जीन्स. कोणीतरी बाहेर उभं होतं आणि वाकून आत येत नव्हतं. अवधूतलाही दिसले. त्याची बोटं खुर्चीवरच राहिली.

देवयानी आत आली. हातात आमचा डबा होता, परत द्यायला आणलेला. "थांबलास का?" ती म्हणाली. "बोल ना."

यतिन-रुचाला घरी काहीतरी काम आठवलं. मीही उठले, तर ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसा." मग अवधूतला म्हणाली, "कधीपासून चाललंय हे?"

"त्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी ना."

"का पण?"

अवधूतने टीव्ही बंद केला. "त्या दिवशी तो दोनदा उठला होता. जायचं म्हणाला. दमल्यासारखं होतंय म्हणाला. मी म्हटलं, वादात हरायला लागलास की पळतोस. मग बसला परत. अर्धा तास." जिंकलेल्या मॅचनंतर कितीतरी दिवसांनी तो त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलत होता, पण अगदी हळू. "तुला सांगायला हवं होतं. जमलं नाही."

देवयानीने डबा फ्रिजवर ठेवला. मला वाटलं आता ती जाईल.

"दुसऱ्यांदा उठला तेव्हा बाहेर आला होता," ती म्हणाली. "ड्राइव्हवेत. मला फोन केला त्याने."

"पाणी पिऊन येतो म्हणाला होता."

"मला म्हणाला, थकवा आलाय, निघू का? मी म्हटलं, दमला असशील तर लगेच गाडी चालवू नकोस. बस थोडा वेळ." ती हीटरकडे बघत होती. "मला तेच सेफ वाटलं."

दोन वर्षं अवधूत जिच्या नजरेला नजर देत नव्हता, तिच्याकडे आता पहिल्यांदा नीट बघत होता. मी चहाचा विषय काढणार होते, काढला नाही.

"तू त्याच्यासारखं बोलतोस ते आज बाहेरून ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं सलिलच मला विचारतोय, निघू का म्हणून. घरी एकटी असते तेव्हाही ऐकू येतं मला. बोटं आपटल्याचं. नको रे बोलूस तसं."

"मग त्याची बाजू?"

"राहू दे तशीच. तू तुझी घे." जाताना शटरपाशी वाकली आणि थांबली. "आणि गवत शनिवारी मी घरी असेन तेव्हा काप. शेजारीण सांगते मला सगळं."

ऑगस्टमध्ये टीम पुन्हा जिंकली, पुन्हा जीव मुठीत धरून, शेवटी नुसता चेंडू सांभाळत. त्या दिवशी देवयानी मॅच बघायला आली होती. शटरजवळच्या खुर्चीत ती चहाचा कप धरून बसली होती. सलिलची खुर्ची फ्रिजजवळ होती, नेहमीच्या जागी, रिकामी.

"बोल आता," रुचा अवधूतला म्हणाली. "घड्याळ जाऊ द्या वगैरे."

"जिंकलो म्हणजे बरोबर खेळलो असं नाही," अवधूत मोठ्याने म्हणाला. यतिनने मान वर करून बघितलं. "तिथे अ‍ॅटॅकच करायला हवा होता. शेवटपर्यंत."

यतिनने तोंड उघडलं आणि मिटलं. अवधूत फ्रिजजवळच्या सलिलच्या खुर्चीकडे तोंड करून थांबला. एखाद्याला घसा साफ करून चार वाक्यं बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो तसाच थांबला होता. देवयानीने कप खाली ठेवला.

"हो, पण दर वेळी नशीब साथ देतं का?" अवधूत जरा चिडून म्हणाला. आणि पुन्हा थांबला.

बाहेर अंधार पडत होता. शटर खाली ओढायला कोणी उठलं नाही. आम्ही सगळे ऐकत होतो.