स्वस्तातलं सेंट

थोरले दीर कुवेतहून आले ते जाऊबाईंसाठी फ्रान्सचं सेंट घेऊन. बाटली कुलपात आणि किल्ली जाऊबाईंच्या कमरेला. कार्याला निघताना त्या थेंबभर कानामागे लावायच्या आणि आमच्यावरून एक फेरी मारायच्या.

मी घरी ब्लाउज शिवायची. त्या कमाईतून बाजारातल्या अत्तरवाल्याकडून तसल्याच वासाची कुपी आणली. "बाई, हुबेहूब फॉरेन," तो म्हणाला. शेजारी सकाळीच हळदीकुंकू होतं, त्याला मी ते अत्तर लावून गेले. जाऊबाईंनी माझ्याजवळ येऊन हुंगलं आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "तरीच माझी बाटली उतरतेय!"

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. "किल्ली तुमच्याच कमरेला आहे की, ताई," मी म्हटलं. पण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

घरी आल्या आल्या मी कुपी सासूबाईंसमोर ठेवली. "आता दोन्ही लावून बघा." दोन धुतलेले रुमाल घेतले, एकावर जाऊबाईंचं सेंट, एकावर माझं. सासूबाईंनी दोन्ही हुंगले. "एकच वास हाय की गं," त्या म्हणाल्या. जाऊबाई हसल्या. "बघा! माझंच काढून भरलंय कुपीत."

मग मी हट्टालाच पेटले. दोन्ही रुमाल दोरीवर टाकले आणि म्हटलं, उन्हं कलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सोलापूरचं चैत्रातलं ऊन; पत्रा तापून कडकड वाजत होता. मी मशीनवर बसून राहिले, पण एक टाका सरळ पडला नाही.

चहाच्या वेळी रुमाल काढले. जाऊबाईंच्या रुमालाला मंद, ओलसर फुलांचा वास टिकून होता. माझ्या रुमालाला गूळ करपल्यासारखा उग्र दर्प मारत होता. सासूबाईंनी तोंड वाकडं करून तो लांब धरला. "व्हय गं, हे स्वस्तातलंच हाय. हिनं न्हाय घेतलं तुझं."

झालं. माझी वस्तू हलकी निघाली म्हणून मी चोर नव्हते! सगळे हसले. दीर म्हणाले, "असल्या पाण्यावर पैसे कशाला घालवतेस?" जाऊबाई बाटली घेऊन आत गेल्या. चुकलं माझं, एवढे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. माझे यजमान खाली मान घालून बशीतला चहा फुंकत होते.

तोच चहा मला सहन झाला नाही. खोलीत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "बायकोला चोर म्हटलं, तेव्हा कुठं होती तुमची जीभ?"

"थोरली आहे ती. सोडून दे."

"तिला नाही, तुम्हाला विचारतेय."

दुसऱ्या दिवशी मी परसातल्या पडवीत स्टोव्ह मांडला आणि आम्हा दोघांच्या भाकरी वेगळ्या थापल्या. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, वासापायी घर फोडलं म्हणून. मी कुणालाही खुलासा द्यायला गेले नाही.