वीतभर उंच ट्रक आणि माझं लग्न

एक्क्याण्णव साली देशाचा बाजार खुला झाला त्याच सुमारास आमचा ट्रक वीतभर उंच झाला.

झालं असं, की समोर राहणाऱ्या भावकीतल्या किसनकाकांनी नवा ट्रक घेतला आणि तो आमच्या ट्रकपेक्षा उंच निघाला. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, घास गोड लागेना. शेवटी ते परळीला गेले, तिथल्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या डंपरचे दांडगे टायर डिस्कसकट उचलून आणले आणि आमच्या ट्रकला चढवले. आमचं बीडकडचं अख्खं शिरूर बघायला लोटलं! मीही टायराला टेकून असा उभा राहिलो, जसा काही तो मीच प्रसवला होता.

फक्त एक झालं. ट्रक उजवीकडं वळवला की 'खर्रर्र' असा आवाज येई आणि स्टिअरिंग हातात थडथडे.

"दाजी, टायर घासतंय," मामा म्हणाला.

"टायर सोडून बोल!" आबा गरजले.

मग टायर सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मामानं चाकावरच्या कमानीचा पाटा मोडला म्हणून सांगितलं, तर आबांनी दोन पाटे जास्तीचे घातले. (ट्रक आणखी उंच झाला. आबा आणखी खूश.) आईनं किसनकाकूची नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. खर्रर्र काही थांबेना. आणि चार दिवसांवर माझंच लग्न! वऱ्हाड याच ट्रकमधून बीडजवळच्या पालीला न्यायचं, हा आबांचा हट्ट.

आता मी आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकलेला. ट्रकखाली शिरलो. चाक जास्त वळू नये म्हणून तिथं एक अडवणारा बोल्ट असतो. तो मी उजव्या अंगाला चांगला बाहेर काढून ठेवला. आबांनी ट्रक मोकळ्या सरळ रस्त्यावर फिरवून आणला. आवाज गायब!

"बघा! माझं पोरगं हाय!" आबांनी किसनकाकांच्या दाराकडं तोंड करून सांगितलं. माझी छाती टायराएवढी फुगली.

लग्नाच्या दिवशी मागं वऱ्हाड, पुढं केबिनमध्ये स्टिअरिंगवर आबा, मधे मामा आणि खिडकीशी बाशिंग बांधलेला मी. ट्रक थाटात पालीत शिरला. मांडवाची गल्ली उजव्या हाताला. आबांनी स्टिअरिंग फिरवलं. ते अर्ध्यातच अडलं आणि मांडव आमच्या डोळ्यांदेखत मागं गेला!

"ह्ये वळंना कावून?"

मी घसा खाकरला. "आबा, वळलं की घासतंय. म्हणून वळणंच कमी केलं."

मामानं कपाळाला हात लावला. "पाना काढ बे!"

"पाना घरी हाय. पान्याच्या पेटीत आईनं आहेराच्या साड्या भरल्यात."

आबा खचणारे नव्हेत. "डावीकडं तर वळतंय ना? मग मारुतीच्या पाराला वळसा घालू. गल्ली नाकासमोर येईल."

पहिला वळसा रुंद पडला, गल्ली हुकली. दुसरा अरुंद पडला, पुन्हा हुकली. तिसऱ्या वळशाला माझे होणारे सासरे धोतर सावरत आडवे आले. त्यांच्यामागं सगळं गाव.

"पाव्हणं, उलटी प्रदक्षिणा? मारुतीला? लग्नाच्या दिवशी? असल्या अपशकुनी घरात पोरगी द्यायची न्हाई मला!"

मुहूर्त दारात, आणि माझं लग्न एका बोल्टावर अडलेलं! मी खिडकीतून हात जोडले. बाशिंग नाकावर घसरलं. सासऱ्यांनी बघितलंही नाही.

तेवढ्यात आबांनी मान बाहेर काढली. "आवो व्याही, निम्मंच बघितलं तुमी! आता बघा." आणि त्यांनी रिव्हर्स टाकला.

ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं ट्रक मागं मागं फिरू लागला. मागं तोंड करून बघितलं, तर मारुती बरोबर उजव्या हाताला! एक, दोन, तीन सुलट प्रदक्षिणा! मामा खाली उतरून ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या!" गावानं एकच जयजयकार केला. सासऱ्यांनी तर पुढच्या टायराला हात लावून नमस्कार केला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं (नमस्कार टायराला होता म्हणून).

मामानं मग तसाच मागं मागं ट्रक मांडवाच्या दाराशी लावून घेतला. मागचा फाळका आधी, केबिन शेवटी. त्यामुळं आधी वाजंत्री उतरले, मग बायका, मग पेट्या. मी पोचेपर्यंत सासूबाईंनी नवरदेव समजून फेटेवाल्या मामालाच ओवाळलं होतं! मला उरलेला पेढा मिळाला. लग्न मात्र मुहूर्तावर लागलं.

आबा शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे, "असं वऱ्हाड जिल्ह्यात कुणी नेलं न्हाई." खरंच आहे. मलाही त्याचा अभिमान आहे. पालीत आजही मी 'रिव्हर्सवाले जावई' म्हणूनच ओळखला जातो. बायकोशी वाद झाला, की सुरुवातीला मीही मुद्द्यावर अडून बसतो. मग ती नुसती भुवई उचलते, आणि मी ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं सुखरूप मागं जातो. या कामात माझा हात धरणारा सगळ्या बीड जिल्ह्यात नाही!