चौदा नंबरचे घुमट

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एल्सेबेट टार्पने घरातले सगळे पडदे काढून धुतले, वाळवून पुन्हा लावले आणि चौथ्या दिवशी परत उतरवले. तिचा नवरा वाग्न पेपर वाचत बसला होता. त्याला राहवेना.

"अगं, त्या पडद्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"हात रिकामे राहिले की मला चैन पडत नाही."

"मग माझी पाठ चेप. तीही रिकामीच आहे."

ती हसली, पण पडदे काही तिने सोडले नाहीत.

एकोणतीस वर्षं त्या हातांनी एकच काम केलं होतं. पश्चिम जटलंडच्या सपाट मुलखात, बटाट्याच्या शेतांना लागून, स्पीकर बनवणारा एक कारखाना होता. तिथे ती ट्वीटरच्या खात्यात होती. ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या खोक्यातला सगळ्यात लहान गडी. झांजेची किणकिण, व्हायोलिनची धार, गाणारीच्या तोंडातला 'स', हे सगळं त्याच्याकडे. त्यांच्या ट्वीटरला कोटाच्या बटणाएवढा रेशमी घुमट असे, आणि त्या घुमटावर बारीक कुंचल्याने चिकट लेप द्यायचं काम एल्सेबेटचं. लेप कमी पडला तर रेशीम किरकिरतं, जास्त झाला तर सूर गुदमरतो. बरोबर किती, ते कागदावर लिहिलेलं होतं. पण खरं माप तिच्या मनगटात होतं. प्रत्येक ट्वीटरच्या मागच्या पत्र्यावर महिना, साल आणि लेप देणारीचा नंबर उमटवत. एल्सेबेटचा नंबर चौदा.

त्या वसंतात ती वाग्नबरोबर श्यर्नच्या जुन्या बाजारात गेली होती. वाग्न मासेमारीचे गळ बघत होता. तिला एका टेबलाखाली त्यांच्या कारखान्याचे स्पीकर दिसले. तिने खिशातल्या चाकूच्या टोकाने चार स्क्रू काढले, ट्वीटर उलटा केला आणि तिथेच उकिडवी बसून राहिली. फेब्रुवारी एकोणऐंशी. चौदा.

"काय गं, चक्कर आली का?" वाग्नने विचारलं.

"हे आपण घेऊन जायचं," ती म्हणाली.

एकोणऐंशीचा तो हिवाळा कुणीच विसरलेलं नव्हतं. बर्फाने रस्ते बुजले होते, लेपाचे डबे घेऊन येणारी गाडी कुठेतरी अडकून पडली होती. मुकादम होल्गरने उरलेल्या लेपात पातळ करायचं द्रावण ओतलं आणि सांगितलं, "चालवून घ्या." सहा आठवडे ते तसंच चाललं. पहिल्याच दिवशी कुंचला टेकवताना एल्सेबेटला कळलं होतं की हा लेप रेशमाला धरत नाहीये, वरून नुसता वाहून जातोय. आणि ती गप्प बसली होती. निदान तिला तरी तसंच आठवत होतं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, मुकादमासमोर तोंड उघडायची छाती नव्हती. ते सगळे ट्वीटर तिच्या नंबराने जगभर गेले.

आता ते आठवलं आणि तिचा जीव जागेवर राहीना. जेवताना ताटावरून उठून ती त्या घुमटाकडे बघून यायची. शेवटी तिने स्वयंपाकघरातलं टेबल अडवलं. जुना लेप सौम्य द्रावणाने कापसाच्या बोळ्यावर उतरवायचा, घुमटाखाली लोकरीच्या नमद्याची चकती ठेवायची म्हणजे आतली हवा घुमत नाही, आणि मग ताज्या लेपाचे दोन पातळ हात. दोन हातांच्या मध्ये एक पूर्ण दिवस. तो दिवस तिला खायला उठायचा. ती बागेत जायची, परत यायची, बोट लावायचा मोह आवरायची, पुन्हा बागेत.

"राय ब्रेडवर लिव्हरची पेस्ट लावतेस की लेप?" वाग्न विचारायचा. "चवीत फारसा फरक राहिला नाहीये आताशा."

बाजारातली जोडी छान जमली. पण एका जोडीने काय होतंय? असे अजून किती असतील, हा प्रश्न तिला सोडेना. मग कुणीतरी सांगितलं, शेजारच्या गावच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी जुन्या स्पीकरांचे वेडे जमतात. ती गेली. वीसेक पुरुष होते, कॉफीचे थर्मास होते, आणि मधोमध फ्लेमिंग टोफ्ट. हा माणूस जनावरांचा निवृत्त डॉक्टर. आवाज असा की गोठ्यातली गाय सरळ उभी राहावी.

त्या शनिवारी चार जातींचे ट्वीटर तपासायला ठेवले होते. एक कर्ण्याचा, एक जुना कागदी शंकूचा, एक चुंबकांमध्ये ताणलेल्या तलम ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, आणि एक रेशमी घुमटाचा. एकच तबकडी चौघांवर वाजवली. कर्ण्यातून तुतारी अंगावर आली. कागदी शंकू साधाभोळा, वरचं थोडं खाऊन टाकणारा. पट्टीवर झांज अशी विरत गेली की दोघेतिघे पुढे वाकले. मग घुमट लागला. गाणारीच्या प्रत्येक 'स'ला वाळू चावल्यासारखं वाटलं.

"बघा!" फ्लेमिंग म्हणाला. "मी किती वर्षं सांगतोय. रेशीम गळ्यात बांधायला ठीक आहे. त्यातून ऐकायचं नसतं."

एल्सेबेट उठली. आपण उठलोय हे तिला उभं राहिल्यावर कळलं. सरळ पुढे जाऊन तिने तो ट्वीटर सोडवला, उलटा केला आणि फ्लेमिंगच्या नाकासमोर धरला.

"हा घुमटाचा दोष नाही. हा माझा दोष आहे. चौदा नंबर म्हणजे मी."

तिने तो हिवाळा, पातळ केलेला लेप, बाजारातली जोडी पुन्हा लेपून सुधारल्याचं, सगळं सांगून टाकलं. सांगताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"आणि हे दुरुस्त होतं म्हणतेस?" फ्लेमिंगने विचारलं.

"जोडी दे. पुढच्या शनिवारी आणते."

घाई नडली. दुसऱ्या घुमटावर तिने द्रावण जरा जास्त घेतलं, ते कडेला झिरपलं आणि घुमटाला चिकटवलेलं तारेचं वेटोळं सुटून आलं. केसाएवढी तार तिच्या बोटांवर उलगडत गेली. तिने तशीच गाडी काढली आणि फ्लेमिंगच्या दारात उभी राहिली.

"एक मेला," ती म्हणाली. "माझ्या हातून."

फ्लेमिंगने तळहातावरची तार बघितली, मग तिच्याकडे बघितलं. "मी एकदा एका माणसाची धडधाकट घोडी भूल देताना घालवलीये. तिच्या मालकाने मला कॉफी पाजली होती. आत ये."

कॉफी प्यायला ती आत गेली, पण खुर्चीवर टेकली नाही. खिडकीपाशी उभ्याउभ्याच कप संपवला.

शनिवारी एकच ट्वीटर वाजला. फ्लेमिंगने समोर मायक्रोफोन ठेवून मोजलं. पूर्वी जिथे आलेखाची रेघ काट्यासारखी वर जायची, तिथे ती आता सपाट होती. पट्टीवाल्याने आपली पट्टी सोडली नाही. कर्णेवाले म्हणाले, तुतारीला कर्णाच हवा. पण सगळा कार्यक्रम संपेपर्यंत कुणीच तो घुमट बंद करायला उठलं नाही. फ्लेमिंग म्हणाला, "झांजेला पट्टी बरी, हे मी सोडणार नाही. पण बाईच्या गळ्याला हेच. आणि मी चुकलो असं कुणी लिहून ठेवायची गरज नाहीये."

त्याने स्वतःच ते शनिवारच्या मंडळाच्या पत्रकात लिहिलं, एल्सेबेटच्या नाव-नंबरासकट. मग खोकी यायला लागली. ओडेन्सहून, माल्मोहून, एक तर ग्रोनिंगेनहून. दोन वर्षांत एल्सेबेटने त्या सहा आठवड्यांतले त्रेचाळीस घुमट पुन्हा लेपले. तीन हातचे गेले. फ्लेमिंग मोजून द्यायचा, कारण अगदी वरचे सूर आता तिच्या कानांना पोचत नव्हते, आणि हे तिने कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

एवढं करूनही तिची तगमग जाईना. तेव्हा वाग्नच म्हणाला, "होल्गर अजून आहे. रिंगकोबिंगच्या वृद्धाश्रमात. जाऊन भांड एकदाचं."

होल्गर नव्वदीचा होता, चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर लोकरी शाल. त्याने तिला लगेच ओळखलं.

"चौदा नंबर," तो म्हणाला.

"तो पातळ लेप आठवतो का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? तू आली होतीस ना माझ्या खोलीत, कुंचला घेऊन. म्हणालीस, होल्गर, हे धरत नाहीये. मी तुला हाकलून लावलं."

"मी नव्हते आले. मी गप्प होते."

"आली होतीस. तुझ्या ॲप्रनवरचा लेप माझ्या दाराला लागला होता. मी चिडलो होतो त्या डागावरून."

तिने खूप आठवून पाहिलं. खोली आठवली, दार आठवलं, पण आपण त्या दारात उभं राहिल्याचं काही आठवेना. म्हातारा खरं बोलतोय, की तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तो तिला वेलचीचा पाव घे म्हणत होता.

परतताना गाडी वाग्न चालवत होता. फ्योर्डच्या पाण्यावरून वारा गाडीला ढकलत होता.

"मग? सुटलीस का आता?" त्याने विचारलं.

"म्हणाला, मी सांगितलं होतं."

"बघ! म्हणजे झालं तर."

"काय झालं? घुमट तर वाईटच गेले ना." ती सीटच्या पट्ट्याशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "ओरहूसहून एक जोडी यायची होती. टपाल कचेरी बंद व्हायच्या आत पोचू का आपण?"

वाग्नने वेग वाढवला.